सायकलची सीट : मऊ नको, मापाची हवी

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक सीट कशी पारखतं ते पाहा. हात पुढे होतो, सीटवर अंगठा दाबला जातो, आणि अंगठा जितका आत जाईल तितकी सीट चांगली असं ठरतं. दुकानदारही तेच सांगतो, ‘ही घ्या, जेलची आहे, एकदम मऊ.’ गल्लीत एक चक्कर मारली की ती खरंच सुखाची वाटते. त्रास सुरू होतो दहा-पंधरा किलोमीटरनंतर. मग माणूस त्याहून जाड सीट शोधतो, नाहीतर आहे त्याच सीटवर जेलचं कव्हर चढवतो, आणि दुखणं आणखी वाढतं. हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली या टप्प्यावर गॅलरीत जाऊन उभ्या राहतात आणि त्यांच्यावर टॉवेल वाळत पडतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातली बहुतेक दुखणी टाळता येण्यासारखी आहेत आणि त्यासाठी लागणारं ज्ञान अवघड नाही. फक्त सुरुवात सीटपासून न करता स्वतःच्या शरीरापासून करावी लागते.

लाकडी पाटावर किंवा कडक खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळहात खाली सरकवा. जरा डावी-उजवीकडे डोललात की तळहातांना दोन टणक उंचवटे टोचतील. ही आपली बसण्याची हाडं. बसलेल्या माणसाचं वजन पेलणं हे त्यांचंच काम. मोठ्या माणसांत या दोन टोकांमधलं अंतर साधारण १०० ते १६० मिलिमीटरच्या दरम्यान असतं. बायकांमध्ये ते सरासरीने थोडं जास्त भरतं, पण माणसामाणसांत इतका फरक असतो की एखाद्या धिप्पाड पुरुषाची हाडं जवळजवळ आणि एखाद्या किरकोळ बांध्याच्या मुलीची चांगली दूर असू शकतात. अंगावर मांस किती, याचा या अंतराशी फारसा संबंध नाही. म्हणून ‘तुमचं वजन जास्त, तुम्हाला रुंद सीट लागेल’ हा दुकानातला हिशेब पुष्कळदा चुकतो.

या दोन हाडांच्या मधला भाग वजन पेलण्यासाठी नाहीच. जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या तिथून जातात. प्युडेंडल नावाची मुख्य नस हाडाच्या आतल्या कडेला लागूनच पुढे येते. तिच्यावर दाब पडत राहिला की आधी मुंग्या येतात, मग तो भाग बधिर होतो. आता मऊ सीटवर काय घडतं ते बघा. चिखलात पाय रुतला की चिखल पायाच्या बाजूंनी वर येतो. तशीच जाड फोममध्ये दोन हाडं रुतली की मधला फोम फुगून वर येतो आणि नको तिथेच रेटा देतो. अंगठ्याला जो मऊपणा आवडला, तोच तासाभराने त्रासाचं कारण होतो. माफक कडक सीटवर हाडं वर टेकून राहतात, भार हाडांवर राहतो आणि मधला भाग मोकळा राहतो.

अशा सीटवर पहिले आठ-दहा दिवस हाडांच्या जागी ठणकतं, हे खरं आहे. सवय नसलेल्या जागेवर वजन पडतं म्हणून ते ठणकतं, आणि सायकल नियमित चालवली तर ते हळूहळू जातं. बधिरपणाचं तसं नाही. त्याची सवय होत नसते आणि करून घेऊही नये. हाडं ठणकणं आणि मधला भाग बधिर होणं ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत. पहिल्याला थोडी सवड द्यावी. दुसरं जाणवलं की त्याच दिवशी सीटच्या बाबतीत काहीतरी बदलावं.

नुसतं हाडांमधलं अंतर कळून मात्र भागत नाही. आपण सायकलवर कसे बसतो, यावर बाकीचा निकाल लागतो. आपल्याकडची काळी सायकल आठवा. सेन-रॅले, हर्क्युलिस, ॲटलास, हीरो, नाव कुठलंही असो, बसण्याची तऱ्हा एकच : हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेलं, पाठ ताठ, नजर समोर. असं बसलं की जवळजवळ सगळा भार सरळ खाली, सीटच्या मागच्या भागावर येतो. ताठ पाठीला खड्ड्याचा दणकाही थेट मणक्यात बसतो. म्हणून त्या सीट हातभर नसल्या तरी चांगल्या २० सेंटिमीटरच्या आसपास रुंद, आणि मागे दोन जाड स्प्रिंगा. हँडलला किटल्या लटकवून कच्च्या रस्त्याने गावात येणाऱ्या दूधवाल्याला ती सीट बरोबर होती. तिच्या मागे पक्का विचार होता.

गिअरची सायकल घेतली की हँडल खाली जातं आणि अंग पुढे झुकतं. कंबर पुढे कलते आणि बसण्याच्या हाडांची मागची टोकं उचलली जाऊन त्यांच्या पुढच्या फांद्या सीटला टेकतात. या फांद्या पुढे पुढे एकमेकींच्या जवळ येत जातात. त्यामुळे जितकं अधिक झुकाल, तितकी कमी रुंदी पुरते. शिवाय काही भार हातांवर जातो आणि बराचसा पायांवर. शर्यतीचा सायकलपटू १४०-१५० मिलिमीटर रुंदीच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या सीटवर पाच-सहा तास काढतो ते याच बळावर. तो पेडलवर इतका जोर देत असतो की त्याचं शरीर प्रत्येक फेरीला थोडं उचललं जातं. तीच सीट पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या गर्दीत रमतगमत जाणाऱ्याला छळेल, कारण त्याच्या पायांवर भार नाही, सगळा सीटवर आहे. उलट काळ्या सायकलची रुंद स्प्रिंगवाली सीट झुकून चालवायच्या सायकलला लावली, तर तिच्या कडा मांड्यांना घासतात आणि प्रत्येक पेडलला अंग वर-खाली हिंदकळतं.

आता माप घेऊ. यासाठी दुकानात यंत्रं असतात, पण घरी खोक्याचा पुठ्ठा पुरतो. पन्हाळीचा, म्हणजे आत नागमोडी कागद असलेला पुठ्ठा घ्या. त्याचा ए-फोर कागदाहून थोडा मोठा तुकडा कापा आणि कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. पातळ कपडे घालून त्यावर बसा. पायांखाली एखादी वीट किंवा जाड पुस्तकं ठेवून गुडघे जरा वर येऊ द्या, म्हणजे हाडं नीट रुततात. सायकलवर जितकं झुकता तितकंच पुढे झुका, दोन्ही हातांनी स्टूल धरून स्वतःला खाली ओढा आणि अर्धा मिनिट तसेच राहा. उठून पुठ्ठा खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा. दोन उथळ खळगे दिसतील. दिसले नाहीत तर बोटांनी चाचपा, बोटांना ते आधी सापडतात. प्रत्येक खळग्याच्या मध्यावर पेनने ठिपका द्या आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. समजा ११८ मिलिमीटर भरलं. त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवायचे, म्हणजे हाडाच्या बाहेरच्या कडेलाही टेकू मिळतो. बरंच झुकत असाल तर २० किंवा त्याहून थोडे कमी, आणि ताठ बसत असाल तर ३० किंवा अधिक. म्हणजे या माणसाने १४० ते १५० मिलिमीटरच्या सीट बघाव्यात. बऱ्याच कंपन्या एकच सीट १४३, १५५, १६८ अशा दोन-तीन रुंदींत काढतात त्या यासाठीच. खळगे नीट उमटले नाहीत तर पुन्हा एकदा मोजून बघा. पाच मिलिमीटर इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही, पण ११८ आणि १४० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही सगळी समज एका दिवसात आलेली नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये घोड्याच्या साजाचा आणि चामडी सामानाचा कारखाना काढला. कंपनीत सांगितली जाणारी कथा अशी की त्यांचा घोडा मेला, नवा घेणं परवडेना, म्हणून ते मागून आणलेल्या सायकलवर कामाला जाऊ लागले. त्या सायकलची लाकडी बैठक त्यांना इतकी टोचली की त्यांनी स्वतःच सीट बनवायचं मनावर घेतलं. १८८२ मध्ये त्यांनी सीटचं पेटंट घेतलं. पुढे-मागे लोखंडी चौकट आणि तिच्यावर ताणलेलं जाड चामडं, हा ब्रुक्सच्या सीटचा घाट. त्यात गादी नावालाही नाही. चामडं आधी दगडासारखं लागतं. काही शे किलोमीटर झाले की ते बसणाऱ्याच्या हाडांच्या जागी किंचित खोलगट होतं आणि त्याच्याच अंगाची सीट तयार होते. याच पठडीतली बी-१७ ही सीट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली आणि अजून तयार होते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत तिचे भक्त आजही आहेत. शंभरहून अधिक वर्षं टिकलेली ही सीट मऊ नाही, हे मला सगळ्यांत बोलकं वाटतं.

त्याच काळात दुसरा एक प्रश्न डॉक्टरांनी उपस्थित केला. १८९० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात सायकलचं वेड पसरलं, बायकाही सायकल चालवू लागल्या, आणि सीटचं पुढचं नाक शरीराच्या नाजूक भागाला अपाय करतं अशी चर्चा सुरू झाली. त्यातून स्पाल्डिंग कंपनीची ‘ख्रिस्टी’ नावाची सीट बाजारात आली. तिला दोन वेगळ्या गाद्या होत्या, प्रत्येक हाडाखाली एक, आणि मध्ये खोलगट मोकळी जागा. तिच्या जाहिरातीत कमरेच्या हाडांचा सांगाडा काढून साध्या सीटवर आणि ख्रिस्टी सीटवर तो कसा टेकतो ते शेजारी-शेजारी दाखवलेलं असे. आज मधोमध भोक असलेली सीट नवी सोय म्हणून विकली जाते, पण तिची मूळ कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

मधल्या काळात हा विषय मागे पडला. १९९० च्या दशकात तो परत आला तो आधी बायकांमुळे. जॉर्जिना टेरी या अमेरिकी सायकल-रचनाकार बाईंनी स्त्रियांसाठी मधोमध पोकळी असलेली सीट काढली, आणि पाहता पाहता पुरुषही तशी मागू लागले. १९९७ मध्ये बॉस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ आयर्विन गोल्डस्टीन यांनी सायकलच्या सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येऊ शकतं असा इशारा दिला आणि तिकडे घबराट उडाली. त्या घबराटीतून दोन गोष्टी बऱ्या झाल्या. कंपन्यांनी डॉक्टरांना बरोबर घेऊन सीट आखायला सुरुवात केली, आणि नीट अभ्यास होऊ लागले.

त्यातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणारे पोलीस असतात. त्यांना दिवसचे दिवस सीटवर काढावे लागतात. तिथल्या व्यावसायिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने, नायॉशने, अशा ९० पोलिसांना सहा महिने पुढचं नाक नसलेली सीट वापरायला दिली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नाजूक भागावरचा दाब सुमारे ६६ टक्क्यांनी घटला. सायकल चालवताना कधीच बधिरपणा येत नाही असं सांगणारे सुरुवातीला २७ टक्के होते, सहा महिन्यांनी ८२ टक्के झाले. आणि जुन्या सीटकडे परत गेले फक्त तिघे. पण नाक हा नुसता उपद्रव नव्हे. वळताना, हात सोडून इशारा करताना आपण मांड्यांनी त्याच नाकाला धरून सायकल सांभाळतो. ते नसलं की सुरुवातीला सायकल हातातून निसटल्यासारखी वाटते. म्हणून आज मधला मार्ग जास्त दिसतो : आखूड नाकाची सीट, मध्ये खोलगट नाळ किंवा भोक, मागे पुरेशी रुंदी. जुन्या सीट २७-२८ सेंटिमीटर लांब असत, या २४-२५ मध्ये आटोपतात.

भीतीपोटी सायकल सोडणाऱ्यांसाठी आणखी एक अभ्यास सांगायला हवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हजारो सायकलस्वारांची पोहणाऱ्यांशी आणि धावणाऱ्यांशी तुलना केली गेली. सायकलवाल्या पुरुषांचं लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट आढळलं नाही. बधिरपणा मात्र त्यांच्यात होता. आणि जे सायकल चालवताना एकूण वेळेच्या वीस टक्क्यांहून जास्त काळ पेडलवर उभे राहत, त्यांच्यात तो ठळकपणे कमी होता. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा तिच्याहून उंच असलेल्यांनाही त्रास कमी होता. म्हणजे यातला मोठा इलाज फुकटचा आहे : दर काही मिनिटांनी, चढावर, खड्ड्यावर, सिग्नल सुटताना, सीटवरून उठायचं. पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात बीआरएम करणारे, म्हणजे साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करणारे लोक हे आपोआप करतात. शहरात फिरणारा करत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

यावरून मी त्या मुद्द्याकडे येतो जो नवी सीट घेण्याआधी प्रत्येकाने तपासावा. सीट वाईट म्हणून मोडीत काढली जाते, आणि दोष बऱ्याचदा तिच्या बसवण्यात असतो. आपल्याकडे सीट खाली ठेवायची जबर सवय आहे. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, तरच सायकल सुरक्षित, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. पण सीट खाली असली की गुडघा सतत दुमडलेला राहतो, पायात जोर येत नाही आणि सगळा भार सीटवर बसून राहतो. गुडघे आणि बूड दोन्ही दुखतात. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा, २५ ते ३५ अंशांचा बाक येतो. मापावर विश्वास असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, मांड्यांच्या मुळापर्यंतची जमिनीपासूनची उंची मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. ८० सेंटिमीटर उंची असेल तर पेडलचे दोन्ही दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर येतात. सुरुवातीला यापेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी ठेवून हळूहळू वर न्यावं. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवायचा, सीटवर बसून दोन्ही नाही, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. सीट फार वर गेली तर तेही कळतं : खालचं पेडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि त्या झुलण्याने कातडी घासते. मागून कुणाला तरी बघायला सांगा, लगेच दिसेल.

उंचीनंतर कल. गवंड्याची पाणसळ सीटवर आडवी ठेवा. नसेल तर एक सपाट फळी ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवा, त्यात पाणसळीचं ॲप असतं. सुरुवात बरोबर सपाटीपासून करायची. नाक वर उचललेलं असेल तर नाजूक भागावर सतत दाब येतो. आपल्याकडे भाड्याच्या आणि पोरासोरांच्या सायकलींत ते हमखास तसंच दिसतं, कारण सीटखालची दातेरी पकड ढिली झालेली असते आणि मागे वजन पडून नाक वर जातं. पान्याने दोन्हीकडचे नट सारखे आवळले की अर्धं दुखणं तिथेच थांबतं. सपाट ठेवूनही दाब जाणवला तर नाक एक-दोन अंश खाली घ्या. फार खाली घेतलं तर आपण पुढे घसरत राहतो, हात ताठ करून स्वतःला मागे ढकलत बसतो, आणि मनगटं व खांदे बोलू लागतात. शर्यतींच्या जागतिक नियमांत पूर्वी सीट जवळजवळ सपाट ठेवण्याची सक्ती होती. २०१६ पासून नऊ अंशांपर्यंत कल चालतो. ब्रिटिश संघातल्या महिला खेळाडूंच्या जखमांचा झालेला अभ्यास या बदलामागे होता. म्हणजे काही अंशांचा कल ही ऑलिंपिक खेळाडूंनाही भांडून मिळवावी लागलेली गोष्ट आहे.

पुढे-मागे सरकवायला गवंड्याचंच दुसरं साधन, ओळंबा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर धरा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसाजवळ आला पाहिजे. हा काटेकोर नियम नाही, सुरुवातीची जागा आहे. सीटच्या खाली सात मिलिमीटर जाडीच्या दोन सळ्या असतात. त्यांवर सीट थोडी मागे-पुढे होते. शेवटी हँडल. ते फार लांब किंवा फार खाली असेल तर माणूस सीटच्या नाकावर सरकून बसतो, आणि मग रुंद भाग मागे रिकामा राहतो. अशा वेळी नवी सीट घेऊन उपयोग नाही, हँडल वर किंवा जवळ आणावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाइपवर चिकटपट्टी लावून जुनी जागा नोंदवून ठेवायची, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

हाडं आणि नसा झाल्या, आता कातडी. दाब, घासणं आणि घाम ही तिन्ही एकत्र आली की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात आणि त्यांची करटं होतात. कोकणातल्या दमट हवेत हे लवकर होतं. जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनाही ते चुकलेलं नाही. लुईझों बोबे यांनी १९५५ ची टूर द फ्रान्स अशाच करटांसह जिंकली आणि नंतर त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. १९८९ मध्ये लोराँ फिन्याँ शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी पुढे होते. बाकी होतं फक्त साडेचोवीस किलोमीटर, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत. पण बसण्याच्या जागी झालेल्या जखमेने त्यांना आदल्या दिवसांपासून हैराण केलं होतं. ते ती टूर ८ सेकंदांनी हरले. जिंकले तेच लेमाँड. हरण्याला इतरही कारणं होती, लेमाँड यांच्या हँडलला लावलेला नवा वायुगतिक जोड त्यातलं मोठं, पण ३,२८५ किलोमीटरच्या शर्यतीत आठ सेकंद म्हणजे किती कमी, हे कळल्यावर त्या जखमेचं मोल कळतं.

इलाज साधे आहेत. तासाभराहून जास्त चालवायची असेल तर आत पॅड असलेली सायकलची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काहीही घालू नका. सुती अंतर्वस्त्राची शिवण आणि ओलावा, हीच घासण्याची मुख्य कारणं. संकोच वाटत असेल तर वरून सैल पँट घाला. घरी आलं की चड्डी लगेच उतरवायची आणि रोज धुवायची. पुळी आली तर ती जाईपर्यंत दोन दिवस सायकलला सुट्टी. जीन्स घालून लांब जाऊ नये. तिची मधली जाड शिवण नेमकी त्या जागी येते जिथे काहीच यायला नको.

बायकांच्या त्रासाबद्दल आपल्याकडे उघड बोललं जात नाही, म्हणून तो मुद्दाम लिहितो. पुढच्या भागाला सूज येणं, घासून सोलवटणं, लघवीच्या वेळी आग होणं, हे अनेक सायकल चालवणाऱ्या मुली मुकाट सोसतात आणि ‘आपल्यालाच जमत नाही’ म्हणून सायकल बंद करतात. ‘लेडीज सीट’ म्हणून गुलाबी फुलं काढलेली जाड गादीवाली सीट दिली जाते. तिने हे दुखणं बरं होत नाही, बहुतेकदा बळावतं. मापाची रुंदी, आखूड नाक आणि मधली खोल नाळ यांचा उपयोग होतो. भोकाच्या कडा काहींना टोचतात, त्यांना भोकाऐवजी उथळ पन्हाळ बरी पडते. कुणाला काय बरं वाटेल ते बसल्याशिवाय कळत नाही. आई, मावशी, मैत्रीण यांच्याशी हे बोलायला हवं, आणि त्रास टिकला तर डॉक्टरांशीही. सायकल थांबवल्यावरही बधिरपणा तासन्‌तास राहत असेल तर, बाई असो वा पुरुष, डॉक्टरांकडे जायलाच हवं.

घेताना मग काय बघायचं? आधी रुंदी. मग बाजूने डोळ्यांच्या पातळीवर धरून आकार बघा : सपाट आहे की मागून वर उचललेली. सारखं पुढे-मागे सरकत चालवणाऱ्याला सपाट बरी, एकाच जागी बसणाऱ्याला खोलगट. वरून बघा : मागची रुंदी एकदम संपून अरुंद नाक सुरू होत असेल तर मांड्या घासणार नाहीत. हळूहळू निमुळती होणारी सीट जाड मांड्यांना घासते. फोम अंगठ्याने जरूर दाबा, पण उलटा निकाल द्या : अंगठा तळाला लागत असेल तर ती सीट दुकानातच ठेवा. ताठ बसून, आठ-दहा किलोमीटरच्या आत, खडबडीत रस्त्यावर फिरणाऱ्याला स्प्रिंगा हव्यातच. जेलचं कव्हर फक्त अगदी थोड्या अंतराला ठीक, आणि ते सीटवर सरकत असेल तर तेवढ्यालाही नाही. चामड्याची सीट घेणाऱ्याने आपल्या पावसाचा विचार करावा. ओल्या चामड्यावर बसलं की ते ताणलं जातं आणि झोळीसारखं लोंबतं, नाकाखालचा स्क्रू कितीही पिळला तरी पहिल्यासारखं होत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सीटवर प्लास्टिकची टोपी, किंवा सरळ दुसरी सीट. काही दुकानदार आठवडाभर वापरून परत घ्यायला तयार असतात. थोडे पैसे जास्त गेले तरी सीट अशाच ठिकाणी घ्यावी, कारण दुकानातल्या फेरीवरून खरं काहीच कळत नाही.

घरात एकच सायकल आणि चालवणारे दोघं-तिघं असतील, तर सीट त्याच्या मापाची घ्या जो तिच्यावर सर्वांत जास्त वेळ बसतो. उंची मात्र प्रत्येकाची वेगळी ठेवायला हवी, ती सोय सहज करता येते : सीटखालच्या पाइपवर नेलपॉलिशने प्रत्येकाची एक आडवी रेघ मारा, बाबांची एका रंगाची, मुलीची दुसऱ्या, आणि पाइपाची पकड नटऐवजी हाताने उघडणाऱ्या खटक्याची बसवून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि रोज करण्यासारखं आहे.